मैदानावरचे गुरुजी

घोडेगाव हे अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातील, नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावरचे गाव. कांद्याच्या बाजारामुळे त्याचे नाव दूरवर ठाऊक आहे. अशा कोणत्याही गावी सायंकाळी शाळा सुटली, की मोकळ्या जागेत मुलांचा खेळ रंगू लागतो. तीन काठ्या रोवाव्यात, एखादी फळी हाती घ्यावी, चेंडू मिळवावा, की क्रिकेटचा सामना उभा राहिलाच! दिवस मावळून चेंडू दिसेनासा होईपर्यंत हा खेळ चालतो. महाराष्ट्रातील गावोगावच्या मैदानांवर हजारो मुले अशी खेळतात. परंतु खेळणारे पुष्कळ असले, तरी खेळाडू म्हणून नावारूपास येणारे थोडेच असतात. अंगी गुण असला, तरी त्या गुणाला वळण लावणारा कोणीतरी भेटावा लागतो. मातीला आकार देणारा कुंभार भेटला नाही, तर चांगली मातीही मातीच राहते. मुंबईच्या मैदानावर असा एक कुंभार होऊन गेला. त्यांचे नाव रमाकांत विठ्ठल आचरेकर. सारी मुंबई त्यांना ‘आचरेकर सर’ या नावाने ओळखत असे.

रमाकांत आचरेकर यांचा जन्म १९३२ साली कोकणात मालवण येथे झाला. मालवण म्हणजे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या समोरचे समुद्रकाठचे गाव. कोकणातील कित्येक कुटुंबांप्रमाणे आचरेकरांचे जीवनही पुढे मुंबईशी जोडले गेले. मुंबईत त्यांना क्रिकेटचा छंद लागला. १९४५ साली ते न्यू हिंद स्पोर्ट्स क्लब या संघाकडून खेळू लागले. यंग महाराष्ट्र, गुल मोहर मिल्स, मुंबई पोर्ट अशा संघांकडूनही ते पुढे खेळले. स्टेट बँकेत नोकरी करीत असताना तिच्या संघात त्यांना स्थान मिळाले. १९६३-६४ च्या हंगामात हैदराबाद येथे मोइनुद्दौला सुवर्णचषक स्पर्धेत ते स्टेट बँकेकडून हैदराबादच्या संघाविरुद्ध खेळले. प्रथम श्रेणीचा त्यांचा हा पहिला सामना होता, आणि शेवटचाही हाच ठरला.

ज्यांच्या हाताखाली पुढे कित्येक कसोटीवीर तयार झाले, त्यांच्या स्वतःच्या नावावर प्रथम श्रेणीचा एकच सामना असावा, हे वाचून नवल वाटते. एखाद्याने निराश होऊन खेळाकडे पाठ फिरवली असती. दुसऱ्या कोणी नशिबाला दोष देत आयुष्य घालविले असते. आचरेकरांनी यांतले काहीच केले नाही. जे शिखर आपल्याला गाठता आले नाही, त्याची वाट दुसऱ्यांना दाखविणे हेही मोठेच काम आहे, असे त्यांच्या पुढील आयुष्याकडे पाहिले म्हणजे वाटते. खेळणे ही एक कला आहे आणि शिकविणे ही दुसरी. पहिली साधली म्हणजे दुसरी साधतेच असे नाही, आणि पहिलीत थोडके यश आले म्हणून दुसरी साधत नाही, असेही नाही.

दादरचे शिवाजी पार्क ही आचरेकरांची कर्मभूमी होय. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेले हे विस्तीर्ण मैदान १९२५ साली लोकांसाठी खुले झाले. कडेने दाट झाडे, त्यांच्या सावलीत बसण्याचा कट्टा आणि मधोमध क्रिकेटच्या अनेक खेळपट्ट्या, असे त्याचे रूप आहे. या मैदानावर आचरेकरांनी कामत मेमोरियल क्रिकेट क्लब स्थापन केला. या क्लबाला भव्य इमारत नव्हती, की श्रीमंती थाट नव्हता. जाळी, यष्ट्या, थोडेसे साहित्य आणि शिकण्याची हौस असलेली मुले, एवढेच त्याचे भांडवल होते. मुलांपैकी कोणी चाळीत राहणारा असे, तर कोणी लांबून आगगाडीने किंवा बसने येणारा. सरांच्या लेखी सारे सारखेच. त्यांची नजर मुलाच्या कपड्यांकडे नसे. ती त्याच्या पायांच्या हालचालीकडे आणि मनगटाकडे असे.

त्यांच्या शिक्षणाचा पहिला धडा चेंडू आणि बॅट यांच्याही आधी सुरू होई. खेळपट्टीवर पाणी मारणे, रूळ फिरवणे, जाळी बांधणे ही कामे मुलांनीच करावयाची असत. क्लबाचे साहित्य काळजीने वापरावयाचे आणि खेळ संपल्यावर जागच्या जागी ठेवावयाचे असे. ज्या भूमीवर आपण खेळतो, तिची सेवा आपल्याच हातांनी करावी, म्हणजे तिचे मोल कळते, हा यामागील विचार होता. शेतकऱ्याचा मुलगा नांगर आणि बैल यांना जपतो, ते त्याला कोणी व्याख्यान देऊन शिकवीत नाही. काम करता करता तो ते शिकतो. आचरेकरांची रीतही अशीच होती. ते फार बोलत नसत. पुष्कळदा मैदानाच्या कडेला एखाद्या झाडाआड उभे राहून ते मुलांचा खेळ पाहत. आपल्याकडे कोणी पाहत आहे हे कळले, की मनुष्य जरा सावरून वागतो. कोणी पाहत नाही असे वाटले, म्हणजे त्याचे खरे गुणदोष प्रकट होतात. सर नेमके तेच टिपून घेत आणि मग त्या त्या मुलाला त्याची चूक दाखवीत.

झाडाआडून पाहण्याच्या या रीतीने एकदा मोठाच चमत्कार घडविला. १९८४ सालच्या उन्हाळ्यात अजित तेंडुलकर नावाचा तरुण आपल्या धाकट्या भावाला घेऊन शिवाजी पार्कवर आला. हा मुलगा अवघा अकरा वर्षांचा होता. वांद्र्याच्या ‘साहित्य सहवास’ या वसाहतीत राहणारा, मराठीचे प्राध्यापक आणि कवी रमेश तेंडुलकर यांचा हा मुलगा घरी खोडकर म्हणून प्रसिद्ध होता. त्याचे नाव सचिन. सरांनी त्याला जाळीत फलंदाजी करावयास सांगितले. परंतु एवढ्या मोठ्या गुरूंची नजर आपल्यावर खिळली आहे, या जाणिवेने तो बुजून गेला. त्याच्या हातून खेळ होईना. हा मुलगा अजून लहान आहे, असे सरांचे मत झाले. तेव्हा अजितने त्यांना विनंती केली, की आपण येथून निघून गेल्यासारखे दाखवावे आणि दुरून याचा खेळ पाहावा. सरांनी ती मानली. ते दूर जाऊन झाडाआड उभे राहिले. सर गेले असे समजून मुलगा मोकळेपणाने खेळू लागला, आणि त्याच्या अंगचे तेज प्रकट झाले. सरांनी त्याला आपल्या क्लबात घेतले.

या प्रसंगातून दोन गोष्टी ध्यानात येतात. एक म्हणजे, पहिल्या अपयशावरून कोणाची पारख करू नये. आणि दुसरी म्हणजे, लहानांनी केलेली रास्त विनंती मान्य करण्यात मोठ्यांना कमीपणा नसतो. सरांनी त्या दिवशी ‘माझे मत झाले ते झाले’ असे म्हटले असते, तर पुढचा इतिहास कदाचित निराळा झाला असता.

त्या सुट्टीत सचिनचा खडतर अभ्यास सुरू झाला. सकाळी साडेसात ते साडेदहा सराव, मग दिवसभर सामना, आणि सायंकाळी पाच ते सात पुन्हा सराव. सुट्टीच्या साठ दिवसांत त्याने पंचावन्न सराव सामने खेळले. कधी कधी तर एका सामन्यात फलंदाजी आटोपली, की सर त्याला आपल्या स्कूटरवर मागे बसवून दुसऱ्या मैदानावर नेत आणि तेथे त्याला फलंदाजीस उतरवीत. एक डाव शिवाजी पार्कवर, तर दुसरा थेट आझाद मैदानावर! जाळीतील सरावाने हात बसतो. परंतु प्रसंगाला तोंड देण्याची ताकद सामन्यातच येते, यावर सरांचा विश्वास होता. पोहण्याची पुस्तके कितीही वाचली, तरी पाण्यात उतरल्यावाचून पोहता येत नाही, त्यातलाच हा प्रकार. सचिनची वांद्र्याची शाळा क्रिकेटच्या दृष्टीने सोयीची नव्हती. म्हणून सरांच्या सल्ल्याने त्याला दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरात घालण्यात आले. तेथील क्रिकेटची जबाबदारी सरांकडेच होती.

सायंकाळी सराव संपत आला, की सचिनचे अंग थकव्याने जड झालेले असे. अशा वेळी सर मधल्या यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. त्याला जो बाद करील, त्याला ते नाणे मिळावयाचे. कोणालाच ते साधले नाही, तर ते सचिनचे! मग मैदानावरची सारी मुले क्षेत्ररक्षणाला सरसावत. चेंडू उंच उडवून उपयोग नसे. तो जमिनीसरपटच मारावा लागे. ताज्यातवान्या शरीराने कोणीही खेळेल; थकल्यावरही चित्त ढळू न देणे ही खरी परीक्षा, हे त्या एका रुपयाने त्याला शिकविले. एवढ्यानेही सुटका नसे. त्यानंतर पायाला पॅड बांधलेले असतानाच त्याला शिवाजी पार्कला दोन फेऱ्या माराव्या लागत. अशी तेरा नाणी सचिनने मिळविली. पुढे त्याला मोठमोठे मानसन्मान लाभले. परंतु ही तेरा नाणी त्याने ठेव्यासारखी जपून ठेवली.

सर जसे कष्ट घेत, तसे ते कडकही होते. एकदा वानखेडे स्टेडियमवर शारदाश्रमच्या वरिष्ठ मुलांचा सामना होता. सचिनसाठी त्या दिवशी दुसरीकडे सराव सामना ठरलेला होता. तो चुकवून हा मुलगा आपल्या शाळेच्या संघाला टाळ्या वाजविण्यासाठी वानखेडेवर गेला. तेथे नेमके सर भेटले! किती धावा केल्यास, असे त्यांनी विचारले. मी सामना पाहावयास आलो, असे उत्तर मिळताच सर संतापले. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवीत बसू नकोस, लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवतील असा खेळ कर, अशा आशयाचे बोल त्यांनी त्याला सुनावले. ते शब्द त्या मुलाच्या मनात खोल रुजले. त्यानंतर त्याने सराव कधी चुकविला नाही.

सरांच्या स्वभावाची आणखी एक खूण म्हणजे ते शिष्याची तोंडावर स्तुती करीत नसत. शतक ठोकून आलेल्या मुलालाही ‘छान खेळलास’ हे दोन शब्द त्यांच्या मुखातून ऐकावयास मिळत नसत. स्तुतीने मुलगा फुगेल आणि कष्ट करावयाचे सोडील, अशी त्यांना धास्ती वाटे. मुलांना कधी कधी याचे वाईटही वाटत असेल. परंतु सरांचे प्रेम शब्दांतून नव्हे, तर कृतीतून दिसे. भर उन्हात मुलाला स्कूटरवर घेऊन मुंबईभर फिरणारा गुरू आणखी कोणत्या शब्दांत प्रेम बोलून दाखविणार?

फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेचा सामना झाला. एका बाजूस शारदाश्रम विद्यामंदिर, दुसऱ्या बाजूस सेंट झेवियर्स. शारदाश्रमचे दोन गडी बाद झाले आणि सचिन व विनोद कांबळी यांची जोडी जमली. सचिन चौदा वर्षांचा, विनोद सोळा वर्षांचा. चेंडू सीमेपार जाऊ लागले. फलकावरील आकडे थांबेनात. डाव घोषित करावा असा सरांचा निरोप होता. त्यांचे साहाय्यक सीमारेषेबाहेरून हातवारे करून हाका मारीत होते. परंतु ही दोन्ही मुले त्यांच्याकडे पाहावयाचेच टाळीत होती! अखेर दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दूरध्वनीवरून सरांची आज्ञा झाली आणि डाव घोषित झाला. तेव्हा शारदाश्रमच्या ७४८ धावा झाल्या होत्या. सचिन नाबाद ३२६ आणि विनोद नाबाद ३४९. दोघांची अभेद्य भागीदारी ६६४ धावांची! विनोदला साडेतीनशेसाठी एकच धाव हवी होती. पण गुरूंची आज्ञा ती आज्ञा. सामना जिंकण्यासाठी प्रतिपक्षाचे दहा गडी बाद करावयाचे असतात. त्याला वेळ उरला नाही, तर विक्रमाचा उपयोग काय? विक्रम एकट्यादुकट्याचा, विजय साऱ्या संघाचा, हे सरांचे गणित होते.

या विक्रमाची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. परंतु त्याच मैदानाच्या कडेला एक तेरा वर्षांचा मुलगा पायांना पॅड बांधून बसला होता, याची आठवण थोड्यांनाच असते. त्याचे नाव अमोल मुझुमदार. पुढचा गडी म्हणून त्याला उतरावयाचे होते. तो तयार होऊन बसला, दिवस मावळला. दुसरा दिवस उजाडला; तो पुन्हा तयार होऊन बसला. परंतु त्याची पाळी आलीच नाही. जणू त्याच्या साऱ्या आयुष्याचे चित्रच त्या दिवशी रेखाटले गेले. १९९४ साली रणजी स्पर्धेतील पदार्पणातच त्याने हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या. पुढे प्रथम श्रेणीत त्याच्या नावावर अकरा हजारांहून अधिक धावा जमा झाल्या आणि तीस शतके लागली. त्याच्या नेतृत्वाखाली मुंबईने २००६-०७ चा रणजी करंडकही जिंकला. तरी भारताच्या संघात त्याला एकदाही खेळावयास मिळाले नाही. सचिन, द्रविड, गांगुली, लक्ष्मण अशा फलंदाजांच्या काळात भारतीय संघाचे दार त्याला उघडलेच नाही. तो पॅड बांधून बसला होता, तो बसलेलाच राहिला.

आचरेकरांच्या शिष्यांची नावे सांगावयाची झाली, तर मोठी यादी होईल. १९८३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात गॉर्डन ग्रीनिज याचा त्रिफळा उडविणारा बलविंदरसिंग संधू, यष्टिरक्षक चंद्रकांत पंडित, १९९२ साली दर्बान येथे पदार्पणाच्याच कसोटीत शतक काढणारा प्रवीण आमरे, वेगवान गोलंदाज अजित आगरकर, फिरकी गोलंदाज रमेश पोवार असे कितीतरी खेळाडू त्यांच्या हाताखालून गेले. विनोद कांबळीने १९९३ साली लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतके काढली. परंतु त्याची कसोटी कारकीर्द सतरा सामन्यांवर १९९५ मध्येच संपली. सचिन मात्र १९८९ पासून २०१३ पर्यंत खेळत राहिला. त्याने दोनशे कसोटी सामने खेळले आणि आंतरराष्ट्रीय सामन्यांत शंभर शतके पूर्ण केली. सचिन, विनोद आणि अमोल ही एकाच गुरूची, एकाच सामन्यात एकाच संघात असलेली तीन मुले. परंतु तिघांची वाट निराळी झाली. गुरू बी पेरतो, पाणी घालतो, राखण करतो. पीक मात्र सर्वत्र सारखे येत नाही. हे ठाऊक असूनही जो प्रत्येक वाफ्याला सारखेच पाणी घालतो, तोच खरा गुरू.

थोर गुरूंची रीत देशोदेशी सारखीच असते. अमेरिकेत जॉन वुडन नावाचे बास्केटबॉलचे प्रशिक्षक होऊन गेले. ते आधी शाळेत इंग्रजीचे शिक्षक होते. १९४८ मध्ये ते लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले, आणि १९६४ ते १९७५ या काळात त्यांच्या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद दहा वेळा मिळविले. एवढा हा मोठा गुरू नव्या हंगामाच्या पहिल्या दिवशी खेळाडूंना काय शिकवी? पायमोजे कसे चढवावे आणि बुटाचे बंद कसे बांधावे! पायमोज्याला सुरकुती राहिली, तर पायाला फोड येतो. फोड आला, की खेळाडू बसून राहतो. शिवाजी पार्कवर खेळपट्टीवर रूळ फिरविणारी मुले आणि दूर अमेरिकेत मोजे चढविण्याचा धडा घेणारे तरुण यांना मिळालेली शिकवण एकच होती. लहान काम नीट करील, त्याचेच मोठे काम तडीस जाईल.

आचरेकरांच्या कार्याची कदर देशाने केली. १९९० साली त्यांना क्रीडा प्रशिक्षकांसाठी असलेला द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला आणि २०१० साली ‘पद्मश्री’ हा किताब लाभला. उतारवयात पक्षाघाताने त्यांचे शरीर दुबळे झाले. तरी मैदानाची ओढ सुटली नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये सचिन आपला अखेरचा कसोटी सामना वानखेडे स्टेडियमवर खेळला. सामना संपल्यावर हजारो प्रेक्षकांसमोर भाषण करताना त्याने आपल्या सरांची आठवण काढली. गेल्या एकोणतीस वर्षांत सरांनी मला एकदाही ‘छान खेळलास’ म्हटले नाही. आता माझा एकही सामना उरलेला नाही, तेव्हा आता म्हणावयास हरकत नाही, अशा अर्थाचे ते प्रेमळ बोल ऐकून कित्येकांचे डोळे पाणावले. जगाने ज्याच्यावर स्तुतीचा वर्षाव केला, तो मनुष्य आपल्या गुरूच्या दोन शब्दांसाठी अजून लहान मुलासारखा आसुसलेला होता!

२ जानेवारी २०१९ रोजी आचरेकर सरांचे मुंबईत निधन झाले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पार्थिवाला सचिनने खांदा दिला. लहान मुलांनी दोन्ही बाजूंस उभे राहून बॅटी उंचावल्या आणि त्या कमानीखालून सरांची अखेरची यात्रा निघाली. ३ डिसेंबर २०२४ रोजी शिवाजी पार्कवर त्यांच्या स्मारकाचे अनावरण झाले. ज्या मैदानावर ते झाडाआड उभे राहत, तेथे आता त्यांची आठवण सर्वांच्या समोर उभी आहे.

परंतु गुरूचे खरे स्मारक दगडाचे नसते; ते शिष्यांच्या वागण्यात असते. आचरेकरांचे अनेक शिष्य स्वतः प्रशिक्षक झाले. जून २०२२ मध्ये बंगळूर येथे रणजी करंडकाचा अंतिम सामना मध्य प्रदेश आणि मुंबई यांच्यात झाला. मध्य प्रदेशाचे प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित आणि मुंबईचे अमोल मुझुमदार. दोन्ही संघांच्या मागे आचरेकरांचेच शिष्य उभे होते! त्या दिवशी मध्य प्रदेशाने प्रथमच हा करंडक जिंकला. याच मैदानावर १९९९ साली पंडित मध्य प्रदेशाचे कर्णधार असताना अंतिम सामना हरले होते. तेवीस वर्षांनी ते शल्य दूर झाले, तेव्हा त्यांना अश्रू आवरले नाहीत.

प्रवीण आमरे यांनी घडविलेला एक खेळाडू तर अहिल्यानगर जिल्ह्याचाच आहे. संगमनेर तालुक्यात जन्मलेला अजिंक्य रहाणे हा त्यांचा शिष्य. डिसेंबर २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात ॲडलेड येथे भारताचा संघ अवघ्या ३६ धावांत कोसळला आणि कर्णधार मायदेशी परतला. अशा अवघड वेळी रहाणेने नेतृत्व हाती घेतले, मेलबर्न येथे ११२ धावा काढून संघाला विजय मिळवून दिला, आणि जानेवारी २०२१ मध्ये भारताने ती मालिकाही जिंकली. शिवाजी पार्कवर लावलेल्या दिव्याने दुसरा दिवा उजळला आणि त्या दिव्याने तिसरा.

आणि तो पॅड बांधून बसलेला मुलगा? २०२३ साली अमोल मुझुमदार यांची भारताच्या महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली. २०२५ च्या विश्वचषक स्पर्धेत हा संघ लागोपाठ तीन सामने हरला. लोक नाना तऱ्हेने बोलू लागले. परंतु वाट कशी पाहावी, हे ज्याला लहानपणापासून ठाऊक होते, तो प्रशिक्षक डगमगला नाही. उपांत्य सामन्यात बलाढ्य ऑस्ट्रेलियाविरुद्ध मुलींनी ३३९ धावांचे लक्ष्य गाठले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत त्यांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरविले आणि भारतीय महिलांनी एकदिवसीय विश्वचषक पहिल्यांदाच जिंकला. विजयाच्या त्या जल्लोषात कर्णधार हरमनप्रीत कौर मुझुमदारांजवळ गेली आणि वाकून तिने त्यांच्या पायांना हात लावला. सदतीस वर्षांपूर्वी ज्याची पाळी आली नव्हती, त्याची पाळी त्या रात्री आली. परंतु ती बॅट हाती घेऊन नव्हे, तर दुसऱ्यांच्या हाती बॅट देऊन!

तो नमस्कार एका प्रशिक्षकाला होता. तरी त्याच्या मागे झाडाआड उभे राहून कोणी एक अबोल गुरुजी तो सोहळा पाहत असतील, असे क्षणभर वाटल्यावाचून राहत नाही. ‘छान खेळलात’ असे त्यांनी तेव्हाही म्हटले नसते. मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे ते मैदानावर हजर राहिले असते.

अभ्यास

१. आचरेकर सरांनी सचिनचा खरा खेळ कोणत्या युक्तीने पाहिला? ती युक्ती कोणी सुचविली?

२. मधल्या यष्टीवर नाणे ठेवण्यामागे सरांचा कोणता हेतू होता?

३. ‘विक्रम एकट्यादुकट्याचा, विजय साऱ्या संघाचा’ हे वाक्य पाठातील कोणत्या प्रसंगी आले आहे? ते समजावून सांगा.

४. आचरेकर सर शिष्याची स्तुती का करीत नसत? त्यांची ही रीत तुम्हांला पटते काय? पटत असल्यास का, व पटत नसल्यास का नाही, ते लिहा.

५. खेळपट्टीवर रूळ फिरविणे आणि पायमोजे नीट चढविणे या दोन गोष्टींत कोणते साम्य आहे?

६. अमोल मुझुमदार यांच्या आयुष्यातून धीराविषयी काय शिकावयास मिळते? आठ-दहा ओळींत लिहा.

७. पुढील शब्दांचा व वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : नावारूपास येणे, पाठ फिरविणे, तडीस जाणे, आसुसणे, शल्य, कर्मभूमी.

८. तुमच्या गावातील मैदानाची, तालमीची किंवा आखाड्याची निगा कोण राखतो, याची माहिती मिळवा आणि त्या मैदानासाठी तुमच्या वर्गाला कोणते काम करता येईल, ते ठरवा.